निवांत, वाढव आता

"यंत्र निर्दोष आहे. माल परत घेता येणार नाही. आपला दिवस सुखाचा जावो."

परतावा खिडकीनं हे तिसऱ्यांदा सांगितलं, तेही पहिल्याइतक्याच गोड आवाजात. महानंदाला त्या गोडव्याचाच संताप आला. माणूस असता तर तिसऱ्या वेळी निदान खेकसला असता, मग आपल्यालाही चार शब्द सुनावता आले असते. खिडकीशी भांडायचं म्हणजे भिंतीवर डोकं आपटायचं, आणि इथं तर प्रश्नच डोक्याचा होता.

डोकं तिच्या नवऱ्याचं. सिद्धेश्वर शेटे, बार्शीच्या बाजारातले भांडीवाले शेटेआप्पा, तिच्या शेजारी चाकाच्या खुर्चीत बसले होते. कपाळावरून दोन्ही कानांमागं गेलेला करड्या रंगाचा पट्टा त्यांच्या डोक्याला घट्ट बसला होता. हात मांडीवर स्थिर होते, इतके की गालावर माशी बसली तरी ती हाकलायला उठत नव्हते. चमचा घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला बोलता बोलता घंगाळ विकणारा हा माणूस. आता त्यांच्या तोंडून घोगऱ्या हुंकारापलीकडे काही उमटत नव्हतं, आणि काल तर पाणी पिताना घोट श्वासनलिकेत गेला होता.

"पट्टा काढून टाका ना मग," असं जो तो तिला सांगत होता. तेच तर करता येत नव्हतं. डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं, की मेंदूला या पट्ट्याची आता सवय झाली आहे आणि तोही फार वरच्या पायरीची. एकदम काढला तर अंग लाकडासारखं ताठेल, ताप चढेल, जीवही जाऊ शकेल. पायरी पायरीनं खाली आणायला हवा. आणि पट्ट्याला खाली आणायची आज्ञा एकच माणूस देऊ शकत होता, ज्याच्या नावानं तो घेतला होता तो. पट्टा फक्त आप्पांचा आवाज ओळखत होता. आप्पांना तर आवाजच उरला नव्हता.

"पट्ट्यात काय नोंदलंय ते मला ऐकायचंय," महानंदा खिडकीला म्हणाली. "तुम्ही म्हणता ना, यांनीच आज्ञा दिल्या म्हणून. ऐकवा मला."

"नोंदी ऐकण्याचा आपल्याला हक्क आहे. कृपया प्रतीक्षा करा."

ती बाकावर बसली. दुकानाचं नाव होतं 'सुखरूप'. बार्शीतलं सगळ्यात मोठं, थंडगार, कुठल्याही वस्तूवर धूळ नसलेलं दुकान. वर्षभरापूर्वी याच दुकानातून ती हसत बाहेर पडली होती.

*

पट्टा घ्यायचा हट्ट श्रावणीचा, म्हणजे पुण्याला असलेल्या मुलीचा. आप्पांना कंपवात जडून तीन-चार वर्षं झाली होती. गोळ्यांचा जोर ओसरला होता. दुकानात तराजूवर वजन टाकताना हात असे हलायचे की गिऱ्हाइकं भिडेनं दुसरीकडे बघायची. आप्पांना त्याचं फार लागायचं.

कंपवातात होतं असं, की मेंदूच्या तळाशी असलेला पेशींचा एक बारका घोळका बिघडतो. निरोगी माणसात या पेशी आपापल्या वेळेनं ठिणग्या टाकतात. कंपवातात त्या सगळ्या एकदम, एका ठेक्यात टाकू लागतात आणि तो ठेका हातापायांत उतरतो. पूर्वी तो मोडायला कवटीला भोक पाडून आत तार सोडत. 'निवांत' नावाच्या या पट्ट्याला भोक लागत नव्हतं. त्यातून दोन विद्युत लहरी निघत, दोन्ही इतक्या वेगवान की पेशी त्यांची दखलच घेत नाहीत. मात्र दोघींच्या वेगात जरासा फरक ठेवलेला. जिथं त्या एकमेकींना छेदतात, नेमकं तिथं त्या फरकाचा एक संथ हेलकावा तयार होतो आणि तो पेशींना जाणवतो. चुकीचा ठेका मोडतो. हात थांबतो.

श्रावणीनं हे समजावून सांगितलं तेव्हा आप्पांनी फळीवरून दोन पितळी तांबे काढले, दोन्हींवर एकेक टिचकी मारली आणि नाद घुमत असताना कानाशी धरले. दोन्ही सुरांत किंचित फरक होता, त्यामुळे नाद कमी-जास्त होत हेलकावत राहिला.

"हेच की," आप्पा म्हणाले. "यात नवीन काय सांगायलीस तू?"

पायरी चढवली की तो हेलकावा जोर धरायचा आणि पसरायचाही. फार पसरला तर शेजारच्या वाटांवर अतिक्रमण करायचा. तिथं जिभेला हुकूम नेणाऱ्या वाटा होत्या आणि थोडं पुढं माणसाची हौस-उमेद सांभाळणारा भाग. म्हणून रात्री झोपताना पट्टा विसाव्याला टाकायचा, असं बजावलेलं होतं. हात कापणाऱ्या माणसाला बटणं काय कामाची, म्हणून सगळा कारभार आवाजावर. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'तुमच्या घरची मराठी समजतो. जसं बोलता तसंच बोला.'

आप्पा तसंच बोलले.

पहिले काही आठवडे त्या घरात सण होता. आप्पा स्वतःच्या हातानं चहा प्यायले. ताटल्यांवर नावं घालायचं यंत्र कित्येक दिवसांनी हातात धरलं आणि महानंदाचं नाव एका वाटीवर उगाचच कोरलं. ती लाजली, रागावलीही. आता नाव घातलेली वाटी विकणार कोणाला? मग हळूहळू काहीतरी उणं पडू लागलं. आप्पांचं बोलणं जड झालं. दुकानात जायचा कंटाळा, मग जेवायचा कंटाळा. पुढं पुढं कंटाळासुद्धा दिसेना, नुसते बसून राहायचे. दुखणं पुढं सरकतंय असं सगळ्यांना वाटलं. पट्ट्याकडे कोणाचं लक्षच गेलं नाही, कारण हात तर अगदी झकास स्थिर होते.

*

"काकू, मी प्रणित वाघचौरे. इथला मॅनेजर." तिशीचा एक तरुण तिच्यासमोर येऊन उभा राहिला. गळ्यात 'सुखरूप'ची निळी फीत, चेहऱ्यावर दिवसभर लोकांना नाही म्हणून आलेला थकवा. "नोंदी काढल्यात. आत बसून ऐकता का?"

"इथंच ऐकते. यांच्यासमोर."

प्रणितनं खिडकीला खूण केली.

पहिली नोंद. आप्पांचा आवाज, खणखणीत, दुकानात शोभेल असा. "निवांत, वाढव आता." मग पट्ट्याची बारीक किणकिण. मागून महानंदाचा स्वतःचा आवाज, "अहो, दूध घेतलंत का?"

दुसरी नोंद. "निवांत, वाढव आता." किणकिण.

पुढची. त्याच्या पुढची. रोज झोपायच्या वेळी तेच तीन शब्द. सुरुवातीला मोकळे, मग जरा जड, मग 'निवांत'मधला 'त' गेला, मग 'आता' गेला. महानंदा पदराचं टोक मुठीत धरून ऐकत होती. नवऱ्याचा आवाज रोज थोडा थोडा मरत गेलेला तिनं एका बैठकीत ऐकला. शेवटच्या नोंदीत नुसतं "...ढव" एवढंच होतं, आणि ती किणकिण.

"दर वेळी त्यांनी स्वतः पायरी वाढवायला सांगितलंय, काकू," प्रणित म्हणाला. "यंत्रानं वाढवली. रोज थोडी थोडी, आणि वर पट्टा रात्रभर चालू राहिला."

महानंदा एकदम उठली.

"अरे बाबा, ते बंद कर म्हणत होते त्याला."

"काकू, पण शब्द तर..."

"आमचं दुकान आहे. साठ वर्षांचं, यांच्या वडिलांपासूनचं. संध्याकाळी आम्ही दुकान बंद केलं असं कधी म्हटलं नाही. दुकान वाढवलं म्हणतो. दिवा वाढवतो, बांगडी वाढवते. दिवेलागणीनंतर तोंडातून 'बंद' हा शब्द काढत नाही कोणी आमच्यात. आणि स्वतःच्या डोक्यावरच्या वस्तूला 'बंद पड' म्हणतील होय ते? देवळात नारळ वाढवतात तेव्हा काय नारळ मोठा होतो का?"

प्रणितनं खाली बघितलं. तो याच गावचा होता. "माझी आज्जीपण दिवा वाढव म्हणायची," तो आवाज उतरवून म्हणाला. "मला कळतंय, काकू. पण मला कळून उपयोग नाही, खिडकीला कळायला पाहिजे."

त्यानं तिच्या समाधानासाठी खिडकीला विचारलंही. खिडकी म्हणाली, "वाढवणे. प्रमाण, आकार किंवा संख्या अधिक करणे. आज्ञेचे पालन योग्य झाले आहे. ग्राहकाच्या आज्ञेने झालेला परिणाम हा मालातला दोष नव्हे."

हे खिडकीचं स्वतःचं शहाणपण नव्हतं, कायदा तसा होता. पूर्वी गिऱ्हाईक म्हणायचं, वस्तू पहिल्या दिवसापासून बिघडलेली आहे, दुकानदार म्हणायचा, तुम्हीच पाडलीत. वर्षानुवर्षं वाद चालायचे. मग यंत्रसाक्षीचा कायदा आला. प्रत्येक वस्तूच्या पोटात एक स्मरणपेटी बसली आणि वाद झाला की वस्तूच साक्ष देऊ लागली. सगळे खूश झाले, कारण वस्तू खोटं बोलत नाही. ती खरं ऐकून भलताच अर्थ लावू शकते, हे मात्र कायदा करणाऱ्या हुशार मंडळींच्या ध्यानात आलं नाही. त्यांच्या घरी बहुधा दिवे बटणानं विझत असावेत.

"खोक्यावर काय लिहिलंय बघ," महानंदा म्हणाली. "घरची मराठी समजतो. समजत नाही. मग खोटं सांगून माल विकला की नाही तुम्ही? मालात खोट असेल तर परत घ्यायचा नियम आहे की नाही?"

"आहे. त्यासाठी आयोगाकडे तक्रार करता येते, तुमचा हक्कच आहे. पण तारखा पडतात, काकू. काही महिने तरी जातात."

दोघांनीही आप्पांकडे बघितलं. त्यांच्या ओठाच्या कडेतून लाळेची रेघ हनुवटीवर आली होती. महानंदानं ती पुसली. महिने सोडा, पुढचा घोट कसा उतरेल हेच तिला माहीत नव्हतं.

"दुसरा रस्ता नाही का काही?" तिनं विचारलं. आता तिच्या आवाजात भांडण नव्हतं, ती भीक मागत होती.

प्रणितला जो रस्ता सांगायचा होता तो त्याला आवडत नसावा, कारण बोलताना त्यानं एकदाही वर बघितलं नाही. वापरणाऱ्याला आपण काय बोलतो याचं भान नव्हतं असं घरच्या माणसानं खिडकीसमोर सांगायचं. भान नाही, म्हणजे त्याच्या आज्ञा मुळातूनच रद्द. आज्ञा रद्द, म्हणजे त्यानं केलेली खरेदीही रद्द. जुना पट्टा पालकाच्या आवाजावर येतो, सावकाश उतरवता येतो आणि बदली नवा पट्टा मिळतो. सगळं आजच्या आज.

"पालक म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही. यापुढं त्यांच्या वतीनं तुमचा आवाज चालेल."

"आणि यांचा?"

प्रणित खिडकीकडे वळला.

तिनं श्रावणीला फोन लावला. श्रावणीनं सगळं ऐकून घेतलं आणि ती रडायलाच लागली. "आई, म्हण की. एक वाक्य आहे फक्त. आप्पा जगायला पाहिजेत ना? मग बाकीचं बघू आपण."

"ते ऐकायलेत गं इथं बसून. त्यांना सगळं कळतंय."

"मग त्यांना हेही कळेल, की तू का म्हणालीस."

महानंदानं प्रणितला विनवलं, की यांना तेवढं बाहेर नेऊन बसव. पण वापरणारा हजर असल्याशिवाय निवेदन धरलं जात नव्हतं. मग ती खिडकीसमोर उभी राहिली. आप्पांच्या खांद्यावर हात ठेवावा असं तिला वाटलं, तरी तिचा धीर झाला नाही.

"माझे पती सिद्धेश्वर शेटे," ती म्हणाली, "यांना आपण काय बोलतो ते... कळत नव्हतं. त्यांना भान नाही."

खुर्चीतून आवाज आला. आप्पांची मान वळत नव्हती, पण ओठ हलत होते आणि घशातून काहीतरी बाहेर यायची धडपड चालली होती. शब्द होता की नुसता श्वास, कोणालाच सांगता आलं नसतं.

"आवाज ओळखता आला नाही," खिडकी म्हणाली. "कृपया पालकांनीच बोलावे."

*

पट्टा पायरी पायरीनं खाली आला. रोज झोपताना महानंदा म्हणायची, "निवांत, कमी कर," आणि ती किणकिण ऐकून तिच्या अंगावर काटा यायचा. दोन महिन्यांत नव्या पट्ट्याच्या खालच्या पायरीवर गाडी स्थिरावली. ही पायरी इतकी हलकी होती की पट्टा काढला तरी जिवाला धोका नव्हता. फक्त अर्ध्या तासात कंप परत यायचा, त्याच्यामागून अंग आखडायचं आणि सगळ्यात शेवटी जबडा. अंघोळीपुरता काढून लगेच घालायचा असा शिरस्ता पडला. आप्पा चालू लागले, जेवू लागले. एका सकाळी ती त्यांच्यापुढं चहा ठेवत असताना ते स्वच्छ आवाजात बोलले.

"मला कळत होतं."

महानंदानं किटली खाली ठेवली. इतके दिवस ज्या आवाजाची वाट बघितली तो आला, आणि तिला आनंद व्हायच्या आधी भीती वाटली.

"मला सगळं कळत होतं," आप्पा म्हणाले. "मी सांगायला बघत होतो."

"माहितीय मला," ती म्हणाली.

त्यानंतर ते तिच्याशी कामापुरतंच बोलू लागले. रागावलेले होते, आणि त्यांचा राग जिथं जिरावा अशी जागा गावात नव्हती. ते निवेदन सगळ्या यंत्रांपर्यंत पोचलं होतं. घराचं दार त्यांच्या आवाजानं उघडेना. बँक म्हणे, पालकांना बोलवा. कारखान्याला भांड्यांची मागणी सांगायला फोन लावला तर तिकडून तोच गोड आवाज, "पालकांशी बोलायचे आहे." आप्पांनी फोन तिच्यापुढं धरला. ज्या माणसाच्या शब्दावर कारखाने ट्रक भरून माल पाठवत, त्याच्या वतीनं महानंदा तपेल्यांचे आकार सांगत होती आणि आप्पा तिला हळू आवाजात सांगत होते, नाही, त्याच्या पुढचा नंबर सांग.

एक दिवस तिला ते असह्य झालं.

"मी काय करायला पाहिजे होतं, तेवढं सांगा. तुम्हाला तसंच जाऊ द्यायला पाहिजे होतं?"

"तू केलंस ते बरोबरच होतं," आप्पा म्हणाले. "तुझ्या जागी मी असतो तर मीपण तेच केलं असतं. पण ते माझ्या घशाखाली उतरत नाही, नंदा. तुझ्याकडे बघितलं की ते वाक्य ऐकू येतं. मी काय करू, तू सांग."

ती स्वयंपाकघरात गेली आणि तोंडावर पदर धरून रडली.

त्याच आठवड्यात प्रणित घरी आला. सुट्टीचा दिवस होता, गळ्यात निळी फीत नव्हती. उंबऱ्याबाहेर चपला काढून तो अवघडून बसला. बार्शीतच नाही, वैरागला, परांड्याला, तिकडं लातूरपर्यंत, जुन्या बोलीची माणसं जिथं जिथं आहेत तिथं हे झालंय, असं त्यानं सांगितलं. कोणी 'वाढव' म्हणालं, कोणी 'निरोप घे' म्हणालं. पट्ट्यानं भलतंच केलं. आणि प्रत्येक घराला खिडकीनं तोच रस्ता दाखवला.

"म्हणजे कागदावर एकही पट्टा बिघडलेला नाही," तो म्हणाला. "माणसंच बिघडलेली आहेत. म्हणून कंपनी काही दुरुस्त करत नाही. अजून तेच विकायलोय आम्ही."

आप्पा ताठ बसले. आजारानंतर पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत दुकानदार दिसला. "चाळीस वर्षं भांडी विकली मी," ते म्हणाले. "तळाला गळणारं पातेलं परत आलं तर बाईला कधी म्हटलं नाही, की तुम्हाला पाणी ओतता येत नाही."

श्रावणीनं फोनवर परोपरीनं समजावलं, की नका जाऊ या फंदात, मिळालंय ते घालवून बसाल. तरी तक्रार गेली.

*

सोलापूरच्या ग्राहक आयोगातली खोली लहान होती आणि पंखा आवाज करत होता. समोर सदस्य श्रीमती खरात, चष्मा नाकावर आणलेल्या, सगळं कान देऊन ऐकणाऱ्या बाई. 'सुखरूप'च्या वकिलानं फार वेळ घेतला नाही. तो उद्धटही नव्हता, हेच वाईट होतं.

"तक्रार अशी आहे, की यंत्राला या गृहस्थांचं बोलणं समजलं नाही," तो म्हणाला. "पण यांच्या पत्नीचंच निवेदन आहे, की यांना स्वतःलाच आपलं बोलणं समजत नव्हतं. मग यंत्राचा काय दोष? आणि भान नसलेल्या माणसाची साक्ष तरी कशी घ्यायची?"

खरात बाईंनी महानंदाकडे बघितलं. "हे निवेदन तुमचं आहे?"

"हो."

"वकील म्हणतात ते कायद्याला धरून आहे. हे निवेदन जोवर उभं आहे तोवर मला यांचं बोलणं नोंदवता येत नाही, आणि ते नोंदवल्याशिवाय ही तक्रार चालत नाही. निवेदन मागं घ्यायचं तर तुम्हीच घ्यायचं, तो अधिकार फक्त तुमचा. पण मग त्या निवेदनावर मिळालेला माल परत करावा लागेल." त्यांनी आप्पांच्या डोक्याकडे हात केला. "दोन्ही ठेवता येणार नाही, बाई. आणि निकाल कसा लागेल याची मी आज हमी देत नाही. विचार करा, हवी तर पुढची तारीख देते."

महानंदा 'पुढची तारीख द्या' म्हणणार होती. तिच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात शेजारी हालचाल झाली. आप्पांनी दोन्ही हात वर नेले, कानामागची पकड सोडवली आणि पट्टा काढून टेबलावर ठेवला. कपाळावर त्याचा लालसर वळ उठला होता.

"माल परत," ते म्हणाले.

वकील अर्धवट उठला. "मॅडम, हे पालकांच्या संमतीशिवाय..."

"बरोबर आहे," खरात बाई म्हणाल्या. "शेटेबाई, पालक या नात्यानं तो त्यांना पुन्हा घालायला लावणं तुमच्या हातात आहे."

सगळे तिच्याकडे बघत होते. फक्त आप्पा बघत नव्हते, ते समोर बघत बसले होते. तिच्यावर दडपण येऊ नये म्हणून ते नजर टाळत आहेत, हे तिला लख्ख कळलं. पट्टा हाताच्या अंतरावर होता. तिला तो उचलून त्यांच्या डोक्यावर घट्ट बसवावासा वाटत होता, आत्ताच्या आत्ता. नाहीतर परत तो कापणारा हात, परत तोंडाला लावलेला पेला, गिऱ्हाइकांनी वळवलेल्या नजरा, आणि या वेळी बदली माल मिळणार नव्हता. ज्या माणसासाठी तिनं जन्मात कधी केली नव्हती ती गोष्ट केली, त्याच माणसाला ती पुन्हा आजारात लोटायला निघाली होती. आणि निवेदन मागं घेतलं नाही तर तो बरा राहील, तिच्याच घरात, तिच्याच परवानगीनं, आयुष्यभर.

"मी खोटं बोलले होते," महानंदा म्हणाली. आवाज फुटला म्हणून तिनं पुन्हा सांगितलं. "मी खोटं बोलले होते. त्यांना सगळं कळत होतं. निवेदन मागं घेते मी. त्यांचं नोंदवा."

खरात बाईंनी लेखनिकाला खूण केली. आप्पांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली. नाव सांगितलं, धंदा सांगितला. दुकान संध्याकाळी का वाढवतात ते सांगितलं, वडिलांनी लहानपणी 'बंद' म्हटल्याबद्दल कशी थोबाडीत दिली होती तेही सांगितलं, तेव्हा लेखनिक हसला. खोक्यावर काय छापलं होतं, आपण त्यावर का विश्वास ठेवला, हे सगळं क्रमानं, एखादं गिऱ्हाईक समोर बसल्यासारखं. वकिलानं दोनदा अडवलं, दोनदा त्यांनी सरळ उत्तर दिलं.

उजव्या हाताचं बोट टेबलावर टकटक करू लागलं. मग पंजा. आप्पांनी तो दुसऱ्या हातानं दाबून धरला आणि बोलत राहिले. मग दोन्ही हात हलू लागले. वैराग-परांड्याच्या माणसांवर ते आले तोवर त्यांची मान आखडली होती आणि शब्द एकमेकांत अडकत होते.

"थांबायचं का जरा?" खरात बाईंनी विचारलं. "राहिलेलं पुढच्या तारखेला घेऊ."

आप्पांनी नाही अशी मान हलवायचा प्रयत्न केला. मग मोठ्या कष्टानं खांद्यासकट वळले आणि कित्येक महिन्यांनी महानंदाकडे सरळ बघितलं.

"राहिलेलं... ही सांगेल," ते म्हणाले. "हिला... माहितीय सगळं."

"ही तुमची स्वतःची इच्छा आहे?" खरात बाईंनी विचारलं.

"माझी," आप्पा म्हणाले.

बाईंनी ते लिहून घ्यायला सांगितलं. महानंदा उठली. तिनं डोळे पुसले आणि आप्पांचं वाक्य जिथं अडलं होतं तिथून पुढं सांगायला सुरुवात केली.